मुहर्रकमधल्या लहान खोल्या

बहरीनमध्ये हिवाळा सरत आला की ‘स्प्रिंग ऑफ कल्चर’ या महोत्सवाचे फलक रस्त्यांवर दिसू लागतात. 2006 साली सुरू झालेला हा साहित्य, संगीत, नृत्य आणि चित्रकलेचा उत्सव काही आठवडे चालतो. मनामातलं नॅशनल थिएटर, अराद किल्ल्याचं मोकळं अंगण, राष्ट्रीय संग्रहालय आणि समुद्रापलीकडच्या मुहर्रक या जुन्या गावातली दुरुस्त केलेली घरं अशा ठिकाणी त्याचे कार्यक्रम विखुरलेले असतात. ध्वनिव्यवस्था हा माझा पेशा. त्यामुळे माइक कुठे ठेवायचा, स्पीकर किती उंच टांगायचा आणि शेवटच्या रांगेपर्यंत काय पोचतं, काय पोचत नाही, याच बाजूने मी उत्सवांकडे पाहत आलो. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. लहान गावातला कलामहोत्सव त्याच्या सर्वांत मोठ्या रंगमंचावर उभा नसतो. तो उभा असतो वर्षभर उघड्या राहणाऱ्या, पन्नास-साठ माणसं कशीबशी मावतील अशा खोल्यांवर. रंगमंच दिमाख देतो आणि तो हवाच. पण पैसा, मनुष्यबळ आणि काळजी यांचा पहिला वाटा खोलीला मिळाला नाही, तर दहा वर्षांनी त्या गावाकडे जुने फलक आणि छायाचित्रं याखेरीज काही उरत नाही. मुहर्रकने, निदान आरंभी, हा क्रम बरोबर लावला होता.

आधी तांत्रिक पुरावा, कारण माझ्या मताचं मूळ तिथं आहे. बहरीनची जुनी सामूहिक गायकी म्हणजे फिजिरी, मोती काढणाऱ्या जहाजांवरच्या माणसांचं गाणं. डिसेंबर 2021 मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. या गाण्यात सूर धरणारं एकही वाद्य नसतं. नह्हाम म्हणजे मुख्य गायक वरच्या पट्टीत गातो, आणि त्याच्याखाली बाकीची माणसं छातीतून, अगदी खर्जात, एक सलग घुमारा धरतात. ताल येतो टाळ्यांतून, मिरवास या लहानशा दुतोंडी ढोलक्यातून आणि जहला या मातीच्या मडक्यातून. आता हे गाणं किल्ल्याच्या अंगणात आणलं की काय होतं पाहा. अराद किल्ला पाण्याच्या काठावर आहे आणि विमानतळ अगदी शेजारी. वारा वाहतो, तो माइकच्या जाळीवर आदळून खोल घरघर निर्माण करतो, आणि ही घरघर काढण्यासाठी खालचे स्वर फिल्टरने कापावे लागतात. हे न करणारा ध्वनितंत्रज्ञ नोकरीत टिकणार नाही. पण पुरुषांच्या खर्जाचा पाया नेमका त्याच पट्ट्यात असतो, तेव्हा वाऱ्याबरोबर तो घुमाराही कापला जातो. श्रोत्यांपर्यंत पोचतो एक उंच आवाज आणि पुष्कळ टाळ्या. कार्यक्रम उत्तम झाला असं सगळे म्हणतात आणि त्यात खोटं काही नसतं, पण जे ऐकलं गेलं ती फिजिरी अर्धीच होती.

टाळ्यांचंही असंच. फिजिरीतल्या आणि सौत या इथल्या दुसऱ्या गायकीतल्या टाळ्या सगळ्यांनी एकदम वाजवायच्या नसतात. एक गट एका मात्रेवर, दुसरा तिच्या मधल्या जागेवर, अशी विणल्यासारखी गुंफण असते. खोलीत गायक भिंतीच्या कडेने बसतात, ऐकणारे त्यांच्या मध्ये नाहीतर समोर, आणि प्रत्येक टाळी वेगळ्या दिशेने कानावर येते. म्हणून गुंफण उलगडते. रंगमंचावर तीच माणसं एका ओळीत बसतात, सगळा आवाज समोरच्या दोन स्पीकरांतून बाहेर पडतो आणि गुंफणीचा लगदा होतो. त्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 340 मीटर. चौतीस मीटरवर बसलेल्या माणसाला प्रत्येक ठोका एक दशांश सेकंद उशिरा मिळतो, आणि त्याने तालात टाळी धरायची ठरवली तर ती पुढच्या रांगांच्या टाळीशी भांडते. ही गाणी श्रोत्याला सामील करून घेण्यासाठी रचली गेली, आणि अंतर वाढलं की पहिला बळी जातो तो या सामील होण्याचा. उपकरणं महाग घेतली तर हे काही अंशी सुधारतं, पूर्ण कधीच नाही. खोलीच्या भिंती, छत आणि माणसांची जवळीक ही त्या संगीताच्या वाद्यमेळातली सामग्रीच आहे.

हे संगीत मुळात खोलीतच वाढलं. मोत्यांच्या बुडीचा हंगाम उन्हाळ्याचा, साधारण चार महिन्यांचा. उरलेल्या काळात पाणबुडे आणि खलाशी जमिनीवर असत आणि गावोगाव असलेल्या ‘दार’ नावाच्या जागांत जमून गात. तिथे नवी मुलं मोठ्यांच्या मागे बसून शिकत. चुकलं तर कुणी थांबवत नसे, पुढच्या आवर्तनात आपोआप सुधारे. 1930च्या दशकात जपानी संवर्धित मोत्यांनी आणि जागतिक मंदीने मोत्यांचा धंदा बसला. 1932 साली बहरीनमध्ये तेल लागलं आणि माणसं समुद्र सोडून तेलाच्या कामावर गेली. जहाजं गेली तरी गाणं लगेच मेलं नाही. ते दारांमध्ये आणखी काही दशकं जगलं आणि मग एकेक दार बंद होत गेलं तसतसं क्षीण झालं. यातून मला दिसतं ते असं, की कलेचा मूळ व्यवसाय संपला तरी तिची शिकण्याची खोली टिकली तर कला टिकते, आणि खोली गेली तर कितीही उत्सव भरवले तरी नवा नह्हाम तयार होत नाही. म्हणूनच मुहर्रकमध्ये ‘दार अल मुहर्रक’ आणि ‘दार जिना’ या दोन जागा पुन्हा बांधल्या गेल्या, ही त्या गावातली मला सर्वांत मोलाची घटना वाटते. बेल्जियमच्या वास्तुरचनाकारांनी नव्या इमारतीला सगळ्या बाजूंनी पोलादी जाळीचा पडदा दिला आहे. गाणं असेल तेव्हा तो वर उचलता येतो आणि आतली खोली गल्लीला जोडली जाते. या जाळीविषयी पुढे आणखी बोलायचं आहे.

सौत हे शहरी संगीत. ऊद हे तंतुवाद्य, मिरवास, कधी व्हायोलिन, आणि अरबी कविता. त्याचे मोठे गायक मुहम्मद बिन फारिस (1895–1947) मुहर्रकचे. त्यांचं घर आज सौतचं घर म्हणून उघडं आहे. त्यांच्या वस्तू, जुन्या ध्वनिमुद्रिका तिथे आहेतच, पण खरं महत्त्व याचं की तिथे आजही वादक बसून गातात. मराठी माणसाला या घरात परकं वाटण्याचं कारण नाही. त्या काळी आखातातला मोती मुंबईच्या बाजारात विकला जाई, व्यापारी कुटुंबं मुंबईत घरं करून राहत, आखातातले गायक मुंबईला येऊन ध्वनिमुद्रिका करून जात. बहरीनच्या बाजारात 1965 साली दिनार येईपर्यंत रुपया चालत होता. ज्याला आज आपण ‘तिकडचं’ संगीत म्हणतो ते आपल्या भेंडीबाजाराच्या आसपास मुक्काम करून गेलेलं आहे. हे मी अभिमान मिरवण्यासाठी सांगत नाही. मुद्दा असा की ही देवघेव कोणत्याही महोत्सवाने घडवलेली नव्हती. ती दिवाणखान्यांत, पेढ्यांवर, भाड्याच्या खोल्यांत, दीर्घ सहवासातून घडली. उत्सवात दोन देशांचे कलाकार एका संध्याकाळी एकत्र बसवले जातात तेव्हा बहुधा दोघेही आपापलं गाऊन निघून जातात, कारण एकमेकांकडून घ्यायला एक संध्याकाळ पुरत नाही.

आता मुहर्रकने लावलेला क्रम. शेख इब्राहिम बिन मुहम्मद अल खलिफा (1850–1933) हे कवी आणि विद्वान होते. त्यांच्या मजलिशीत, म्हणजे घरच्या बैठकीत, त्या काळचे लिहिणारे-वाचणारे जमत. जिथे ती मजलिस भरत असे त्याच जागी त्यांची नात शेखा मै बिंत मुहम्मद अल खलिफा यांनी 2002 साली एक संस्कृती व संशोधन केंद्र उभं केलं. तिथे सोमवारी व्याख्यानं होऊ लागली. पाठोपाठ आसपासची घरं एकेक करून दुरुस्त होत गेली. 1939 साली आखातातलं पहिलं वृत्तपत्र काढणारे अब्दुल्ला अल झायद यांचं घर वृत्तपत्रांच्या इतिहासाला दिलं गेलं. कुरार घरात जरीच्या गोफाची कुरार ही शिवणकला जाणत्या स्त्रिया मुलींना शिकवू लागल्या. मोत्यांचे व्यापारी मतर यांचं विसाव्या शतकाच्या आरंभीचं घर पाडलं जाणार होतं, ते वाचवून त्याचं कलादालन झालं. मुलांसाठी वाचनालय निघालं. महोत्सव आला 2006 मध्ये, म्हणजे केंद्रानंतर चार वर्षांनी. तो आला तेव्हा त्याला उतरायला घरं होती, त्या घरांत किल्ल्या सांभाळणारी माणसं होती आणि व्याख्यानाला येण्याची सवय लागलेला, लहान का होईना, एक श्रोतृवर्ग होता. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो. आधी महोत्सव जाहीर होतो, मंडप पडतो, पाहुणे येतात, आणि ‘पुढच्या वर्षी कायमची वास्तू उभारू’ अशी घोषणा समारोपात होते. मंडप उतरवणारे कामगार आणि आम्ही ध्वनिवाले ती घोषणा ऐकत केबल गुंडाळत असतो. पुढच्या वर्षी पुन्हा मंडपच पडतो.

बहरीनच्या हवामानातही माझ्या म्हणण्याला आधार आहे. आपल्याकडे वसंत म्हणजे आरंभ. इथे मार्च-एप्रिल म्हणजे मोकळ्यावर बसता येण्याच्या दिवसांचा शेवट. मेपासून उष्मा आणि दमटपणा इतका चढतो की उघड्यावर कार्यक्रम करणं श्रोत्यांवर अन्याय ठरतं, आणि भर उन्हाळ्यात दुपारचं उघड्यावरचं काम कायद्यानेच थांबवलेलं असतं. म्हणजे वसंतोत्सव संपला की गाव दारं लावून घेतं आणि पुढचे पाच-सहा महिने मोठे रंगमंच जवळपास निरुपयोगी होतात. शिवाय चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2024 आणि 2025 साली तो मार्चमध्येच आला. वसंताच्या ऐन तारखा अशा वर्षांत मोठ्या मैफलींना मिळत नाहीत. लहान खोलीला मात्र दोन्हींची अडचण नाही. उन्हाळ्यात तिला एक वातानुकूलन यंत्र पुरतं. रमजानमध्ये तर रात्री मजलिशींचा दिवस उजाडतो, माणसं एकमेकांच्या बैठकीत जातात, उशिरापर्यंत बोलत बसतात. ज्या समाजाची बोलण्याची, ऐकण्याची सवय बैठकीतली आहे त्याला कविता द्यायची असेल तर ती बैठकीत नेली पाहिजे. नमाजाच्या अजानेला मोठ्या कार्यक्रमात ‘व्यत्यय’ समजून वेळापत्रकात खिडकी ठेवावी लागते. बैठकीत ती वेळ आपोआप विश्रांतीची होते, चहा-कॉफी फिरते, बोलणं पुढे चालू होतं.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे आणि तो मी हलका करून मांडणार नाही. खोल्यांच्या मागे लागलात तर गाव स्वतःतच गुरफटेल, असं म्हणणारे लोक आहेत. बाहेरचं मोठं, अनोळखी, प्रसंगी अस्वस्थ करणारं काही आणायला मोठा रंगमंचच लागतो. याला बहरीनमधलाच दाखला आहे. मार्च 2007 मध्ये, महोत्सवाच्या दुसऱ्याच वर्षी, कासिम हद्दाद यांची ‘मजनू लैला’ ही काव्यकृती लेबनॉनचे संगीतकार मार्सेल खलिफे यांच्या संगीतासह रंगमंचावर आली. त्यातल्या नृत्यावरून संसदेतल्या धार्मिक गटांनी गदारोळ केला, चौकशी समिती नेमली गेली. कवी आणि संगीतकार यांनी निवेदन काढून प्रेमाच्या आणि कलेच्या स्वातंत्र्याच्या बाजूने ठाम भूमिका घेतली, देशातले आणि बाहेरचे लेखक त्यांच्यामागे उभे राहिले. हा वाद खोलीत झालाच नसता. मग मोठ्या मंचाचं हे श्रेय नाही का? आहे. मी ते नाकारत नाही. पण त्या प्रयोगाच्या केंद्रस्थानी कोण होतं ते पाहा. कासिम हद्दाद 1948 साली मुहर्रकमध्ये जन्मले. त्यांची कविता सर्व अरबी जगात वाचली जाते, पण ती ज्या मातीत रुजली ती हीच. मंचावर धक्का देण्याइतकी ताकद ज्या शब्दांत होती ते शब्द बाहेरून आयात केलेले नव्हते. बाहेरून आलेला एखादा प्रसिद्ध वाद्यवृंद दोन तास वाजवून जातो तेव्हा कुणी चौकशी समिती नेमत नाही, कारण त्यात गावाचं काही पणाला लागलेलं नसतं. मंच वादाला जागा देतो, पण वाद घालण्याजोगं काही आधी गावात घडावं लागतं. आणि वाद शमल्यावरही त्या कवितेला वाचक लागतात. ते चौकशीच्या बातम्यांतून येत नाहीत, व्याख्यानाला आणि वाचनालयात येणाऱ्यांतून येतात.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. लहान खोली म्हणजे निवडक लोकांची खोली. पन्नास खुर्च्या असल्या की त्या आधीच ओळखीच्या माणसांनी भरतात. अराद किल्ल्यावर निदान कुणीही येऊन मागे उभं राहू शकतो. मुहर्रकमध्ये या आक्षेपाला आणखी धार आहे. तेलाच्या पैशाने मूळ कुटुंबं नव्या वसाहतींत राहायला गेली आणि जुनी घरं भाड्याने गेली ती बहुतांशी भारत, बांगलादेश, पाकिस्तानातून आलेल्या कामगारांना. एका घरात अनेक जण, गच्चीवर वाळत घातलेले कामाचे कपडे, हे आजच्या मुहर्रकचं वास्तव आहे. याच गावात ‘मोत्यांची वाट’ हा जवळजवळ साडेतीन किलोमीटरचा वारसामार्ग तयार झाला. 2012 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं, 2019 साली मुहर्रकच्या पुनरुज्जीवनाला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. स्थानिक कुटुंबांनी गावात परत यावं हा या योजनेचा एक उघड हेतू आहे. हेतू समजण्याजोगा आहे. पण घराचं सांस्कृतिक मोल वाढलं की भाडंही वाढतं आणि आधी निघून जावं लागतं ते सर्वांत कमी पगार असलेल्या माणसाला. वारशाच्या नावाने माणसं हलवली जाऊ नयेत, असं मला अगदी स्पष्टपणे वाटतं. ज्या गावाचं संगीत कष्टकऱ्यांच्या श्वासातून आलं त्या गावात आजचे कष्टकरी प्रेक्षकांत नसतील, तर ती उणीव सजावटीने झाकता येणार नाही.

तरीही माझं उत्तर असं की हा दोष खोलीच्या आकाराचा नाही, तिच्या दाराचा आहे. मोठ्या मंचाचं दार दिसायला रुंद असतं. प्रत्यक्षात 1001 आसनांचं नॅशनल थिएटर, जे 2012 च्या नोव्हेंबरात उघडलं आणि जे खरोखरच देखणं आहे, तिथे पोचायला वाहन लागतं, तिकीट लागतं, बरे कपडे लागतात, आणि रात्रीच्या पाळीवरून सुटका लागते. गल्लीतली खोली कामगाराच्या बिऱ्हाडापासून चार दारांवर असते. मघाशी सांगितलेली पोलादी जाळी इथे कामाची आहे. पडदा वर गेला की आत-बाहेर हा भेद पुसट होतो, गल्लीत उभा राहिलेला माणूसही श्रोता होतो, त्याला निमंत्रण लागत नाही. मोत्यांच्या वाटेवर जे छोटे चौक केले आहेत त्यांच्या फरशीत शिंपल्यांचे तुकडे बसवले आहेत, बसायला जागा आहे, सावली आहे. संध्याकाळी तिथे बसणाऱ्यांत आपले लोकही असतात. खोलीचा कार्यक्रम या चौकापर्यंत न्यायला दोन छोटे स्पीकर पुरतात, आणि ध्वनितंत्रज्ञ म्हणून सांगतो, असे दोन स्पीकर नीट लावणं हे मोठ्या मंचावरची भिंतभर स्पीकर-रांग उभी करण्याहून नाजूक काम आहे. शुक्रवार हा सुटीचा दिवस, त्या दिवशी दुपारनंतर कार्यक्रम ठेवला, पत्रक अरबी-इंग्रजीबरोबर हिंदी, मल्याळम, बंगालीतही काढलं, तर प्रेक्षक बदलतील. हे पुरेसं होत नाही, ही माझी तक्रार आहे. पण त्यावर इलाज करायचा झाला तर तो खोलीतच करता येतो.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि सत्तेचा. मुहर्रकची घरं राजघराण्यातल्या एका कर्तबगार बाईंच्या इच्छेने आणि बँका-कंपन्यांच्या देणग्यांनी उभी राहिली. सामान्य गावाला हे कसं जमणार? आणि त्या बाई पदावर नसल्या तर? शेखा मै 2008 पासून मंत्री होत्या, नंतर संस्कृती प्राधिकरणाच्या अध्यक्ष, आणि 2022 मध्ये त्या पदावरून गेल्या. पण शेख इब्राहिम केंद्र सरकारी खातं नाही. त्याचं काम त्यानंतरही चालू राहिलं, व्याख्यानं होत राहिली. मंत्रालयाचा महोत्सव मंत्र्याबरोबर चेहरा बदलू शकतो. ज्याची स्वतःची वास्तू, स्वतःचा विश्वस्त आणि स्वतःचा ठरलेला वार आहे ते काम तुलनेने सुरक्षित असतं. राजाश्रयाशिवायचा दाखला तर आपल्याच घरात आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. एक वक्ता, एक विषय, एक संध्याकाळ, एवढंच भांडवल. ती एप्रिल-मेमध्ये आजही भरते. नाशिकला गोदेच्या काठावर मे महिन्यात अशीच माला चालते. राजवट बदलली, रेडिओ आला, दूरदर्शन आलं, मोबाइल आला, पण ‘आज कोण बोलणार आहे’ हा प्रश्न विचारणारी माणसं पुण्यात उरली, कारण ठरावीक दिवसांची आणि ठरावीक जागेची सवय मोडली नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या मधल्या भिलारमध्ये 2017 साली पुस्तकांचं गाव झालं तेव्हा सरकारने एक भव्य ग्रंथभवन न बांधता गावकऱ्यांच्या घरांत, देवळांत, शाळेत मिळून पंचवीसेक ठिकाणी पुस्तकं ठेवली. मुहर्रकपेक्षा खूप कमी खर्चात तोच विचार. तिथेही कसोटी पाहुण्यांच्या गर्दीत नाही. त्या घरातल्या मुलांनी ओटीवरच्या पुस्तकांना हात लावला का, यात ती आहे.

इथे आखातातल्या आपल्या मराठी मंडळांविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण माझी काळजी तिथे आहे. बहरीनमधला मराठी समाज गणेशोत्सव मनापासून करतो, गुढीपाडवा, दिवाळी, एखादं नाटक, एखादी गाण्याची मैफल, सगळं स्वयंसेवकांच्या कष्टावर. नोकरी सांभाळून, सुटीच्या दिवशी, स्वतःच्या गाड्यांतून सामान वाहून हे लोक कार्यक्रम उभे करतात. त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण वर्षाच्या निधीतला मोठा वाटा भारतातून बोलावलेल्या कलाकारांचं मानधन, विमानभाडं, हॉटेल आणि सभागृहाचं भाडं यांत एका रात्रीत संपतो. दुसऱ्या दिवशी मंडळाकडे तबल्याची एक जोडीसुद्धा नसते जिच्यावर मुलाने ठेका धरावा. केरळच्या मंडळींकडे पाहावं. बहरीन केरळीय समाजम 1947 पासून आहे, त्यांची स्वतःची इमारत आहे, रंगमंच आहे, त्यांचा पुस्तकमेळा तिथेच भरतो, आणि मल्याळम नाटकाच्या तालमी तिथे वर्षभर चालतात. संख्या त्यांची जास्त, हे खरं. पण संख्येमुळे इमारत आली एवढंच खरं नाही. बसायला जागा असल्यामुळे संख्या टिकली, हेही तितकंच खरं आहे. आम्हाला इमारत परवडणार नाही असं मंडळी म्हणतात. इमारत नकोच. दोन खोल्यांचं एक बिऱ्हाड, त्यात हार्मोनियम, तबला, चारपाच कपाटं पुस्तकं, आणि आठवड्याचा एक ठरलेला वार. एका मोठ्या मैफलीच्या खर्चातला काही भाग तिकडे वळवला तरी आरंभ होऊ शकतो. मोठा कलाकार दर दोन वर्षांनी आला तरी चालेल. आणि तो आला तर एका रात्रीच्या कार्यक्रमाऐवजी त्याने तीन दिवस त्या खोलीत शिकवावं, शेवटी मुलांबरोबर गावं.

असं केलं तर ‘मोठ्या नावाशिवाय लोक येत नाहीत’ ही तक्रार खरी ठरेल, निदान पहिली दोन-तीन वर्षं. मंडळाच्या कार्यकारिणीला दरवर्षी सभासदांपुढे हिशेब द्यायचा असतो, आणि भरलेलं सभागृह हा सर्वांत सोपा हिशेब असतो. बारा माणसांसमोर झालेलं कवितावाचन अहवालात लिहायला धैर्य लागतं. ते धैर्य दाखवणाऱ्या कार्यकारिणीच्या पाठीशी सभासदांनी उभं राहावं, एवढीच विनंती करता येते. ध्वनिव्यवस्थेच्या धंद्याचं यात नुकसान आहे हे मला कळतं. खोलीत आम्ही लागत नाही, फार तर एक माइक, तोही वृद्ध वक्त्यासाठी. तरी सांगतो.

या खोल्यांच्या साखळीत एक घर असं आहे जिथे आपल्याला जाण्याचं विशेष कारण आहे. मनामामध्ये कवी इब्राहिम अल अरय्यद यांचं घर आता कवितेचं घर आहे. अल अरय्यद 1908 साली मुंबईत जन्मले. वडील मोत्यांच्या व्यापारात. बालपण मुंबईत गेलं, नंतर ते बहरीनला आले, अरबी भाषा त्यांनी जिद्दीने आपलीशी केली आणि तिचे मोठे कवी झाले. उर्दू आणि इंग्रजीतही त्यांनी लिहिलं, उमर खय्यामच्या रुबाया अरबीत आणल्या, आणि देशाची राज्यघटना तयार झाली त्या घटना समितीचं अध्यक्षपदही सांभाळलं. मुंबईत वाढलेल्या या अरबी कवीच्या घरात मराठी कविता अरबी अनुवादासह वाचली जावी, हे मला दरवर्षी वसंतोत्सवाचं पत्रक हाती आलं की वाटतं. त्यासाठी मोठा मंच नको, शिष्टमंडळ नको. दोन्ही भाषा जाणणारा एक अनुवादक आणि सात-आठ कविता निवडून आधी महिनाभर त्यांवर एकत्र बसणारे चारपाच जण पुरतील. बहरीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांतली, घरात मराठी आणि बाहेर अस्खलित अरबी बोलणारी मुलं आहेत. त्यांना कुणी विचारलेलं नाही. हे काम कुठल्याही मराठी मंडळाने हाती घ्यावं, आणि वसंताची वाट न पाहता येत्या जुलैतच बसायला सुरुवात करावी, बाहेर ऊन असतं तेव्हा माणसं घरात सापडतात.